दोन फूट पारदर्शक नळी, 40 रुपये : साडेचार स्टार

खानापूर स्टेशन रोडला हार्डवेअरच्या दुकानातनं ही नळी घेतली. लोक कूलरला, बॅरलला पाणी भरायला नेतात तीच. प्लास्टिकच्या नळीवर कोण एवढं लिहितंय, म्हणाल. पण ती घ्यायच्या आधी मी 22 हजार घालवून बसलो होतो, म्हणून लिहितोय.

गाडी टाटा 1613, केए 22 पासिंग, सहा सिलिंडर, डिझेलचा पंप जुना, मेकॅनिकल. विटा भरून बेळगावला टाकतो, परतीचं भाडं मिळालं तर मिळालं. दिवाळी झाली, भट्ट्या पेटल्या आणि नेमका तेव्हाच त्रास सुरू. पहाटे पाचला सेल्फ मारावा तर इंजिन फिरतंय, पण पेटत नाही. हॅंडपंप मारून, नोझलच्या (इंजिनात डिझेल फवारतात त्या) पाइपांचे नट ढिले करून एअर, म्हणजे पाइपात शिरलेली हवा, काढली की चालू. मग दिवसभर एका सेल्फला उठणार. दुसऱ्या दिवशी पहाटे परत पाना हातात. थंडीत डिझेलनं भिजलेले हात घेऊन चहाचा कप धरायचा, त्या चहाची चवसुद्धा डिझेलचीच.

हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यानं पाच मिनिटांत सांगितलं, पंप गेलाय. पंपाच्या आतले प्लंजर, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, कॅलिब्रेशन, वर सहाच्या सहा नोझल. चार दिवस गाडी उभी. पाचव्या दिवशी घरी आणली, सहाव्या दिवशी पहाटे घुर्रर्र... तेच. परत गेलो तर म्हणे आता बॅटरी बदला.

खरं तर मलाच कळायला पाहिजे होतं. आतनं घासलेला पंप जास्त करून गाडी गरम असताना रुसतो. गरम डिझेल पातळ होतं, घासलेल्या जागेतनं निसटतं, नोझलपर्यंत पुरता दाब जात नाही. माझी गाडी बरोबर उलटी. गरम असताना शहाणी, रात्रभर थांबली की हट्टी. आणि सेल्फ मारताना सायलेन्सरमधनं धूर अजिबात नाही. पांढरा धूर आला असता तर डिझेल आत जातंय, जळत नाही, असं म्हणता आलं असतं. धूरच नाही म्हणजे डिझेल तिथवर पोचतच नाही. इंजिन बंद करायची स्टॉपची केबल अडकली असेल म्हणून ती आधीच बघितली होती, पंपावरचा लिव्हर पूर्ण मागं येत होता.

गाठ सोडवली ती आमच्या बाबांनी. ते शेतकरी माणूस, स्टिअरिंगला आयुष्यात हात लावला नाही. एक दिवस गोठ्यातनं म्हणाले, "काय गा, रस्त्याकडं तोंड करून लावलास की पटकन उठत्या, गोठ्याकडं तोंड केलास की उठत नाही. बघितलास काय कधी?"

बघितलं नव्हतं. आमचं घर जांबोटी रस्त्याला, अंगण उताराचं, गोठा वरच्या अंगाला. गोठ्याकडं तोंड म्हणजे इंजिन वर आणि टाकी खाली. त्यात टाकी अर्ध्याच्या खाली असली की हमखास बंद, फुल्ल असली की एखादा दिवस सोडून देणार. म्हणजे डिझेल रात्रीत मागं टाकीत उतरत होतं. पण पाइप भरलेला असताना डिझेल मागं उतरायचं तर कुठनं तरी हवा आत यायला पाहिजे.

बेळगावात ऑटोनगरला एक म्हातारे नोझल मिस्त्री बसतात, त्यांना हे सांगितलं. हातातलं काम न सोडता कानडीत म्हणाले, "गाळी ऐत्री." हवा आहे. पंपाला हात लावू नको, आधी पारदर्शक नळी घालून बघ. पैसे विचारले तर हसले.

मग ही नळी. टाकीतनं डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप म्हणजे फीड पंप. टाकीकडनं त्याला येणारा पाइप सोडला, मध्ये नळी घातली, दोन्ही टोकांना क्लिप. एअर काढून गाडी चालू केली आणि टॉर्च मारला. नळीतनं मोहरीएवढे बुडबुडे चाललेत, एकामागं एक. रेस दिली की ज्वारीएवढे. सहा पहाटा ज्या चोराला शोधत होतो तो असा समोरनं चालत गेला!

पण तो घुसतोय कुठनं? पाच लिटरचा कॅन डिझेलनं भरून फीड पंपाजवळच, जरा खाली ठेवला, नळीचं एक टोक त्यात, दुसरं फीड पंपाला. एअर काढून परत चालू केली. पाच मिनिटं बघत राहिलो, एक बुडबुडा नाही. म्हणजे फीड पंप, फिल्टर, मोठा पंप सगळे निर्दोष. दोष टाकी ते फीड पंप एवढ्याच वाटेत. तिथं चासीच्या आडव्या पट्टीजवळ रबरी पाइपचा वीतभर तुकडा आहे. बाहेरनं कोरडा, चांगला दिसणारा. क्लिप काढून वाकवला तर क्लिपखाली बारीक बारीक चिरा.

एवढे दिवस कुणाला दिसला नाही त्याचं कारण सोपं आहे. फीड पंपाच्या पुढं कुठं फट पडली तर तिथं दाब असतो, डिझेल बाहेर ठिबकतं, डाग पडतो, धूळ चिकटते. फीड पंपाच्या मागं ओढ असते. तिथल्या फटीतनं डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. आणि आपण सगळे गाडीखाली वाकून शोधतो काय, तर डाग.

नवीन डिझेलचा रबरी पाइप, दोन क्लिपा, हात लागलाच होता म्हणून फिल्टरच्या बोल्टांचे कॉपर वॉशर, सगळे मिळून 310 रुपये. तीन महिने झाले, गोठ्याकडं तोंड करून लावतोय, मुद्दाम.

आता नळीची तक्रार. ही कायमची बसवायची वस्तू नाही. डिझेलनं ती पिवळी पडते आणि काठीसारखी कडक होते, मग तीच एअर घ्यायला लागेल. काम झालं की काढायची, पुसून टूल बॉक्समध्ये. घेताना जुना पाइप सोबत न्या, दुकानदार अंदाजानं देतो आणि अंदाज चुकतो. मला पहिल्यांदा ढिली दिली होती, सैल जोडातनंच बुडबुडे येऊन अर्धा तास फसलो. थोडी घट्ट घ्या, टोक गरम पाण्यात बुडवून चढवा. सायलेन्सरपासून लांब बांधा. आणि नवीन बीएस-6 गाडीवाल्यांनी आमच्यासारखे नोझलचे नट ढिले करायला जाऊ नका, त्या लाइनीत हजार बारच्या वर दाब असतो, डिझेलची धार कातडी फोडून आत जाते.

अर्धा स्टार मात्र नळीच्या चुकीनं गेलेला नाही. आमच्या क्लिनरनं तिचा फूटभर तुकडा कापून आपल्या मोटारसायकलला पेट्रोलची नळी म्हणून लावला. थोड्याच दिवसांत तो कडक होऊन तडकला, आणि साहेब यळ्ळूर रस्त्याला गाडी ढकलत आले. उरलेला फूटभर तुकडा कुठंच पुरत नाही. सोमवारी खानापूरला गेलो की परत 40 रुपये.