प्राण्यांचे क्रोशा कोस्टर: सुती की ॲक्रिलिक, गोल की अख्खा प्राणी?

सोलापूरच्या बाजारात क्रोशासाठी धागा मागितला, की दुकानदार आधी ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम, लोकर पुढे करतो. रंग झकास, गुंडा स्वस्त, सुईवर सरसर चालते. बाळाच्या टोपड्याला ती छानच. कोस्टरला मात्र दोनच कामं असतात: पेल्याचा घाम टिपायचा आणि टेबलाला आच लागू द्यायची नाही. ॲक्रिलिक दोन्हीत कच्चं. पाणी त्याच्या धाग्यात मुरत नाही, विणीच्या भोकांतून खाली उतरतं आणि टेबलावर गोल डाग उठतोच. वाफाळत्या चहाच्या स्टीलच्या पेल्याखाली ते मऊ पडतं, ताणलं जातं, आणि एकदा गेलेला आकार परत येत नाही.

सुती धागा पाणी पितो आणि आच सोसतो. टेरी टॉवेल विणणाऱ्या सोलापुरात हे वेगळं सांगायला नको. त्याचे तोटेही आहेत. धाग्याला लवचिकपणा नसतो, त्यामुळे घट्ट विणणाऱ्याची बोटं दुखतात. पहिल्या धुण्यात तो थोडा आटतो. लाल-काळे रंग सुटू शकतात, म्हणून विणण्याआधी धाग्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघावा. ओळखीच्या कुणाकडून कापड विणायच्या मागाचं सूत मिळत असेल तर तेही चालेल, पण ते बारीक असतं. चार-पाच पदर एकत्र धरून विणावं लागतं आणि सुई मधेच एखादा पदर सोडते. शिकाऊ माणसाने त्या फंदात पडू नये.

एक खरं, सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ताकाच्या ग्लासला मुंबईइतका घाम सुटत नाही. पण पावसाळा लागला की ॲक्रिलिकचं पितळ उघडं पडतंच.

आता आकार. अख्खा प्राणी, म्हणजे पाय पसरलेलं कासव किंवा लोळणारी मांजर, फोटोत फार गोड दिसतो. प्रत्यक्षात तुकडे वेगळे विणून शिवायचे, आणि प्रत्येक शिवणीपाशी उंचवटा येतो. पेला नेमका तिथेच डुगडुगतो. प्लॅस्टिकचे डोळे तर नकोच. पेला कलतो, आणि घरात रांगतं मूल असेल तर डोळा निखळून तोंडात जायचा. काळ्या दोऱ्याचे दोन टाके पुरतात.

माझं मत गोलाच्या बाजूने. मधला भाग सपाट ठेवायचा, प्राणी कडेला आणायचा: कान, शेपूट, सोंड. सुरुवातीला ६ मुके खांब (क्रोशाचा सर्वांत आखूड टाका, सिंगल क्रोशे), मग प्रत्येक फेरीत ६ वाढवायचे: १२, १८, २४. वाढ कमी पडली तर वाटी होते, जास्त झाली तर झालर. पेल्याच्या बुडापेक्षा बोटभर मोठा झाला की थांबा. अस्वल, मांजर, ससा या गोलातून निघतात, फरक फक्त कानांचा. मेंढी करायची तर टॉवेलसारखे लूप काढता येतात, पण फक्त शेवटच्या फेरीत. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचा काळवीट मलाही करावासा वाटतो, पण पिळाची शिंगं सुती धाग्यात उभी राहत नाहीत. दोन दिवसांत मान टाकतात. नंदी सुंदर होईल, पण सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या या गावात नंदीवर चहाचा पेला ठेवायचा म्हटलं तर घरातल्या आजी तो धुऊन देव्हाऱ्याशी नेऊन ठेवतील.

कोस्टर एकेरी की दुहेरी, म्हणजे एका थराचा की दोन थरांचा, यात मात्र मी कुणालाच एक उत्तर देणार नाही. एकेरी लवकर होतो, लवकर वाळतो, पण हलका असल्याने ओल्या ग्लासच्या बुडाला चिकटून वर येतो आणि अर्ध्यात गळून पडतो. दुहेरीला धागा दुप्पट लागतो, जाडीमुळे वाळायलाही वेळ लागतो, पण तो जागचा हलत नाही. फक्त कपबशीतला चहा होत असेल तर एकेरी पुरे. सरबत-ताक जास्त होत असेल तर दुहेरीच करा, आणि एका रंगाचे दोन गुंडे एकदमच घ्या, कारण नंतर तोच रंग मिळेलच असं नाही.