गुडघ्यासाठी अ‍ॅक्युपंक्चरचं पॅकेज घेतलं आणि आई अ‍ॅडमिट झाली

रविवारी पेपरात परत त्या अ‍ॅक्युपंक्चरच्या, म्हणजे अंगावर ठरावीक पॉइंटवर बारीक सुया टोचून करायच्या उपचारांच्या, शिबिराचं पत्रक आलं. वर नाव वेगळं होतं, पण हॉल तोच, पुण्यातल्या सिंहगड रोडचा, आणि मजकूरही तोच, "ऑपरेशनशिवाय गुडघेदुखी, शुगर, बीपी कायमचं बरं, तपासणी मोफत". बघून हातच थरथरायला लागले माझे. आम्ही हे इतके दिवस नातेवाईकांनासुद्धा नीट सांगितलं नव्हतं कारण आईला लाज वाटायची, पण आता सगळं लिहिते.

आई 67 वर्षांची, धायरीला असते, दोन्ही गुडघे झिजलेत आणि शुगरच्या गोळ्या 12 वर्षं चालू आहेत. शेजारच्या काकूंबरोबर ती त्या शिबिराला गेली. तिथे भिंतीवर डॉ. कोटणीसांचा मोठा फोटो, आणि आई मूळची सोलापूरची, म्हणजे आपल्या गावच्या माणसाचा फोटो बघूनच तिचा अर्धा विश्वास बसला. मला याचाच जास्त राग येतो. कोटणीस 1938 साली युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, सर्जन होते ते, 1942 मध्ये तिकडेच वारले, आणि अशा माणसाचा फोटो लावून लोकांच्या म्हातारपणाच्या पैशाला हात घालायचा म्हणजे काय.

फॉर्मवर नाव, पत्ता, मोबाईल आणि पेमेंट कॅश की गुगल पे, बस. कुठल्या गोळ्या चालू आहेत, रक्त पातळ करायची गोळी आहे का, पेसमेकर आहे का, एकही प्रश्न नाही. 20 सिटिंगचं पॅकेज 36,000 चं पण आजच भरलं तर 28,000. आईने मला फोन न करता भरून टाकले.

इथेच ती अडकली असं मला आता वाटतं. पैसे आधीच गेलेले, त्यामुळे तिसऱ्या सिटिंगला बरं वाटत नव्हतं तरी ती जात राहिली, आणि मी पण म्हटलं की एवढे भरलेत तर पूर्ण कर. हे वाक्य माझंच आहे आणि ते मला अजून टोचतं.

पाचव्या सिटिंगला तिथल्या माणसाने सांगितलं की सुयांनी शरीर आपोआप शुगर कंट्रोल करायला लागलंय, आता गोळ्या घेतल्या तर उलट परिणाम होईल. आईने गोळ्या बंद केल्या आणि मी रागवेन म्हणून सांगितलंच नाही. नंतर तिला सारखी तहान लागायला लागली, रात्री चार चार वेळा बाथरूमला उठायची, गळून गेली होती, तर म्हणे विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे. एकदा देवघराच्या खालच्या ड्रॉवरमध्ये उदबत्ती शोधताना मला गोळ्यांच्या न फोडलेल्या स्ट्रिप सापडल्या तेव्हा मला कळलं. त्याच संध्याकाळी लॅबमध्ये नेलं, शुगर 412.

सुयांचं तर अजून भयंकर. आईच्या नावाची एक प्लॅस्टिकची डबी होती, त्यात तिच्या सुया, दरवेळी स्पिरिटने पुसून त्याच टोचायचे, "तुमच्याच सुया तुमच्यासाठी" म्हणून. ऐकायला किती स्वच्छ वाटतं ना, आईला तर ते कौतुकाचं वाटलं होतं! पण नुसतं स्पिरिटने पुसून सुई निर्जंतुक होत नाही, आणि डब्यांची अदलाबदल झाली तर हेपटायटिस बी सारखा आजार एकाचा दुसऱ्याला जाऊ शकतो. नवव्या सिटिंगनंतर उजवा गुडघा लाल झाला, गरम, सुजलेला. ते म्हणाले रिअ‍ॅक्शन येतेय म्हणजे गुण येतोय. हॉस्पिटलमध्ये निदान झालं सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेखाली पसरलेलं इन्फेक्शन, आणि शुगर एवढी वाढलेली असल्यामुळे ते आटोक्यात यायला वेळ लागला. सहा दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक. हेपटायटिसची टेस्ट निगेटिव्ह आली, पण काही महिन्यांनी परत करायला लावली, तोपर्यंत घरात कुणालाच नीट झोप नव्हती.

यावरून अ‍ॅक्युपंक्चर म्हणजेच फसवणूक असं मी म्हणत नाही. नंतर ओळखीतून एका रीतसर रजिस्ट्रेशन असलेल्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा फरक कळला. त्यांनी आधी आईची सगळी औषधं लिहून घेतली, शुगर आटोक्यात येईपर्यंत सुई लावणारच नाही म्हणाले. नंतर आमच्यासमोर सीलबंद पाकीट फोडलं आणि वापरून झाल्यावर सुया सरळ पांढऱ्या शार्प्सच्या, म्हणजे टोकदार कचऱ्याच्या डब्यात. पैसे दर सिटिंगला. आणि पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की झिजलेला गुडघा सुईने भरून येत नाही, दुखणं काही जणांचं काही काळ कमी होतं, पाच सहा सिटिंगमध्ये फरक नाही पडला तर थांबायचं.

त्यांनीच जर्मनीतल्या 2007 सालच्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितलं. कंबरदुखीच्या पेशंटमध्ये नेहमीच्या उपचारांनी 27 टक्क्यांना फरक पडला आणि अ‍ॅक्युपंक्चरने जवळपास 48 टक्क्यांना, पण मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर सुया लावलेल्यांपैकीही 44 टक्क्यांना बरं वाटलं. म्हणजे आराम खरा, पण तो नेमक्या पॉइंटमुळेच येतो हे काही त्यातून दिसलं नाही. मायग्रेनचे झटके कमी करायला, केमोनंतरच्या मळमळीला उपयोग होतो म्हणाले. शुगरची गोळी सुईमुळे बंद होते असं कुणी म्हणालं तर तिथून उठून यायचं.

धोकेही त्यांनी न विचारता सांगितले. थोडं रक्त येणं, काळंनिळं होणं, चक्कर येणं हे होतं आणि जातं. पण छाती, खांदा, पाठीचा वरचा भाग इथे सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं, तिथे सुई लावल्यावर दम लागला किंवा छातीत दुखलं तर घरी न जाता थेट इमर्जन्सीला. पेसमेकरवाल्यांनी सुयांना करंट जोडून घ्यायचा नाही. बाबा रक्त पातळ करायची गोळी घेतात आणि पुढच्या महिन्यात त्यांना पण त्या हॉलमध्ये न्यायचं ठरलं होतं, हे आठवून पोटात गोळा आला.

आपल्याकडे महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर कौन्सिल आहे, 2015 चा कायदा आहे, तेव्हा रजिस्ट्रेशन नंबर बिनधास्त मागा. आम्ही मागितला तेव्हा त्या हॉलमधल्या माणसाने फ्रेममधलं कुठल्यातरी परदेशी संस्थेचं सर्टिफिकेट दाखवलं. उरलेल्या 11 सिटिंगचे पैसे परत मागितले तर म्हणे पॅकेज नॉन रिफंडेबल आहे, आणि नंतर फोन बंद.

आधी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार केली, मग जिल्हा ग्राहक आयोगात. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि घटनेपासून 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते, हे मला आधी माहितीच नव्हतं. पावती कधी दिलीच नव्हती त्यांनी, म्हणून गुगल पेचे स्क्रीनशॉट, 9 सह्या असलेलं सिटिंगचं कार्ड आणि हॉस्पिटलची फाईल जोडलीये. त्या हॉलमध्ये तुमच्या घरातल्या कुणी पैसे भरले असतील तर ते कार्ड फेकू नका. आमची तारीख पुढच्या महिन्यात आहे. आई म्हणते मी येते, मीच सांगते सगळं.