प्रीस्ट, ब्लडीवुड, घोस्ट: अख्खा अल्बम कुठला ऐकायचा

मेटलवर, म्हणजे जड गिटारच्या दणदणीत रॉकवर, लिहिणारे बहुतेक जण पुण्या-मुंबईचे, त्यामुळं एखादा अल्बम जरा पडेल निघाला तरी "लाइव्हला मजा येईल" म्हणून सोडून देतात. सोलापुरात ती सोय नाय बे. इथं लाइव्ह म्हणजे ऑर्केस्ट्रा नायतर डॉल्बी. पुण्याला शोला जायचं म्हटलं तर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पोचता येतं, पण परतीची हुतात्मा संध्याकाळीच सुटते, तेव्हा तिकडं साउंडचेकच चालू असतो, मग रात्री स्वारगेटला एसटीची वाट बघत बसा. म्हणून आपल्याला जे काय मिळायचं ते अल्बममधूनच, आणि माझा निकष एकच हाय, पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत बोट स्किपवर गेलं का नाय. 2024-25 मध्ये आलेल्यातले जे मी परत परत लावतो, आणि जे लावत नाय, त्यांचं सांगतो.

जुडास प्रीस्ट ह्या जुन्या इंग्लिश मेटल बँडचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड' मार्च 2024 ला आला. बँडचा एकोणिसावा स्टुडिओ अल्बम, आणि गाणारा रॉब हॅलफोर्ड तेव्हा 72 वर्षांचा. ह्या वयात आपल्याकडं माणूस बीपीच्या गोळ्या मोजतो आणि हा बाबा 'पॅनिक अटॅक'मध्ये असा वर चढतो की मी मागं जाऊन परत ऐकलं, हे खरंच ह्याचंच गाणं का म्हणून. सुरुवातीला सिंथसायझरसारखा सूर येतो, ऐंशीच्या दशकातल्या प्रीस्टची आठवण करून देणारा, वाटतं आता निवांत जाईल, आणि मग स्कॉट ट्रॅव्हिस ड्रमवर जो सुटतो तो सुटतोच. गिटारवर रिची फॉकनर. ह्या माणसाची 2021 मध्ये अमेरिकेत स्टेजवर वाजवता वाजवता महाधमनी फाटली होती, गाणं संपवूनच खाली उतरला, मग दहा तासांचं ऑपरेशन. आणि जुना गिटारवाला ग्लेन टिप्टन, त्याला पार्किन्सन्स आहे हे 2018 लाच जाहीर झालं, तरी नाव बँडमध्येच. हे सगळं माहीत असून ऐकलं की सहानुभूतीनं मार्क द्यावेत असं वाटतं, पण गरजच पडत नाय. 'द सर्पंट अँड द किंग' आणि टायटल ट्रॅक ही दोन नुसती ऐकून बघा, गिटारचा सोलो एका कानातनं निघून दुसऱ्या कानात जातो ते हेडफोनवर झकास कळतं. 'क्राउन ऑफ हॉर्न्स' संथ हाय, काही जणांना ते गोडूस वाटेल, मला तेच जास्त आवडलं, कारण तिथं हॅलफोर्ड किंचाळायचं सोडून साधं गातो आणि आवाजातलं वय पण ऐकू येतं.

तक्रार एकच, अँडी स्नीपचं प्रॉडक्शन फार घासूनपुसून चकचकीत केलेलंय. इयन हिलची बेस गिटार शोधावी लागते, आणि किक ड्रमची नुसती टिकटिक येते, छातीत बसत नाय. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला हाय, लूमचा खडखडाट दिवसभर कानात असतो, त्यामुळं मशीनचा आवाज कसा अंगावर यायला पाहिजे ते मला कुणी शिकवायला नको. हॅलफोर्ड स्वतः इंग्लंडमधल्या वॉल्सॉलचा, लहानपणी लोखंडाच्या कारखान्याच्या बाजूनं शाळेत जायचा, त्याच्या अल्बमचा आवाज एवढा धुतलेला नसायला पाहिजे होता. तरी पाचपैकी साडेचार.

आता ब्लडीवुड. दिल्लीची पोरं, 2022 च्या 'रक्षक'नंतरचा हा 'नू डेल्ही', मार्च 2025 ला आला. जयंत भदुला घशातनं गुरगुरतो, राऊल कर इंग्लिशमध्ये रॅप मारतो, करण कटियार गिटार आणि बासरी बघतो, आणि खाली ढोल. ढोल आला की मला सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या दिवसांतली हलगी आठवते, कानाच्या आधी पोटाला कळतं. 'तडका' हे गाणं चक्क खाण्यावर हाय, एवढ्या जड रिफवर (परत परत वाजणारा गिटारचा तुकडा) जेवणाचं कौतुक करायचं धाडस मेटलवाले सहसा करत नाहीत, मी जेवणाच्या सुट्टीत डबे उघडल्यावर लावलं तर शेंगा चटणी-भाकरी खाताखाता आमच्या पॅकिंगमधले काका पण मान हलवायला लागले, एरवी ते माझ्या गाण्याला "पत्रे वाजवतंय पोरगं" म्हणतात. 'बेखौफ'मध्ये जपानच्या बेबीमेटल बँडच्या पोरी आल्यात, त्यांचा बारीक आवाज आणि जयंतची डरकाळी जमेल असं वाटलं नव्हतं, पण मस्त बसलंय. फक्त ह्यांचा फॉर्म्युला आता पाठ झालाय, देशी सूर, मग रिफ, मग रॅप, मग सगळे मिळून ओरडणार. गाणी आठच आहेत म्हणून खपतंय, बारा असती तर मी उठलो असतो. चार.

घोस्टचा 'स्केलेटा' एप्रिल 2025 चा, स्वीडनच्या टोबियस फोर्जचा बँड, अमेरिकेत बिलबोर्डच्या अल्बमच्या यादीत थेट एक नंबरला गेला. ह्याला मेटल म्हणायचं का ह्यावर भांडणं चालू असतात, मी म्हणतो हार्ड रॉक म्हणा आणि विषय संपवा. तोंडाला रंग, कपडे चर्चच्या पोपचे, सैतानाची भाषा, आणि गाणी ऐकली तर इतकी गोड की आमच्या आईनं पण बंद कर म्हटलं नाय, आता तुम्हीच ठरवा हे कौतुक का तक्रार. 'पीसफील्ड' लहान पोरांच्या एकत्र गाण्यानं उघडतं आणि मग जो कोरस येतो तो आंघोळ करताना पण तोंडात राहतो. 'उंब्रा'मध्ये कीबोर्ड आणि गिटारची जुगलबंदी, तेवढ्यासाठी तरी ऐकाच. पण मधली दोन-तीन गाणी एकमेकांत मिसळून जातात, माझं बोट स्किपवर गेलंच. त्यांच्या 2025 च्या टूरला प्रेक्षकांचे मोबाइल पाऊचमध्ये लॉक करून ठेवायचे म्हणे, म्हणजे आपल्याला कुणाच्या रील्समधनं पण धड बघायला मिळणार नाय. साडेतीन.

आयर्न मेडन बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन, त्याचा 'द मॅन्ड्रेक प्रोजेक्ट' प्रीस्टच्या आधी आठवडाभर आला, बँडशिवाय स्वतःच्या नावावरचा अल्बम 2005 नंतर पहिलाच. 'रेन ऑन द ग्रेव्ह्ज' भारी, शेवटची 'सोनाटा' जवळजवळ दहा मिनिटांची, ती रात्री लाइट गेल्यावर ऐका, दुपारी नाय. मेटॅलिकाचा '72 सीझन्स' 2023 चा, तरी लोक अजून विचारतात म्हणून सांगतो, 77 मिनिटं! एडिटिंग नावाची गोष्ट असते राव. 'इनामोराटा' ठेवा, ती अकरा मिनिटांची असून पण लांब वाटत नाय, बाकीच्यातली निम्मी काढून टाका.

प्रीस्टची डिलक्स आवृत्ती पण ॲपवर दिसते, तीन गाणी जास्त आहेत, त्यातलं 'द लॉजर' सोडलं तरी चालेल, 'जायंट्स इन द स्काय'ला अल्बम नीट संपतो. आणि हे सगळं हेडफोन नायतर बऱ्यापैकी स्पीकरवर ऐका, मोबाइल स्टीलच्या ग्लासात ठेवून प्रीस्ट ऐकणाऱ्यांनी मला शिव्या देऊ नयेत.