झोपडी वाचवायची कशी: कोर्टाची स्थगिती की पात्रतेचे कागद?

पाडकामाची नोटीस आली की मुंबईतली वस्ती आधी कोर्टाकडे धावते. स्थगिती मिळाली तर जेसीबी जागच्या जागी थांबतो. त्या दिवशी तेवढंच हवं असतं. पण ती तात्पुरतीच. मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, तरी फुटपाथवर राहण्याचा हक्क काही दिला नाही.

दुसरी वाट पात्रतेची, म्हणजे पुनर्वसनासाठी आपण पात्र आहोत हे कागदांनी सिद्ध करण्याची. हे काम किचकट. जुनी मतदार यादी, वीजबिल, फोटोपास (सरकारने झोपडीधारकाला दिलेलं ओळखपत्र) धुंडाळत बसायचं. मात्र १ जानेवारी २००० पूर्वीचं वास्तव्य सिद्ध झालं, तर महाराष्ट्राच्या झोपडपट्टी कायद्यानुसार पुनर्वसनाशिवाय हटवता येत नाही. माझ्या मते वकिलांनी खरा जोर इथेच लावावा, आणि तोही नोटीस यायच्या आधी. महिलांना तर विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.