सायकलच्या फोटोसाठी मागच्या चाकाचा स्टँड: कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये

गियरची सायकल असेल आणि फोटो फरशीवर किंवा काँक्रीटवर काढायचा असेल, तर हा स्टँड जरूर घ्या. पाचपैकी चार गुण. दांड्याची जुनी काळी सायकल असेल तर घेऊ नका, कारण तिचा स्वतःचा डबल स्टँड हेच काम जास्त चांगलं करतो. आणि शेतात, बांधावर, नदीच्या पात्रात फोटो काढायचा असेल, तर फुकटची निंबाची काठी या स्टँडपेक्षा सरस ठरते. असं का, ते खाली सविस्तर.

बाजारात याचे दोन प्रकार मिळतात. पहिला एल आकाराचा. त्याला रबर चढवलेले दोन हुक असतात. एक हुक फ्रेमच्या मागच्या आडव्या नळीत अडकतो, दुसरा सीटकडून हबकडे (चाकाच्या मधोमध तारा जोडलेल्या भागाकडे) उतरणाऱ्या तिरक्या नळीत. हुकांची उंची चाकाप्रमाणे कमी-जास्त करता येते. दुसरा यू आकाराचा. त्याच्या दोन भुजा मागच्या हबच्या एक्सलला (आसाला) दोन्ही टोकांना धरतात आणि चाक जमिनीपासून बोटभर उचलतात. फोटोसाठी दुसरा प्रकार घ्यावा. कारण साधं आहे: चाक अधांतरी असलं की पायडल फिरवून चेन हव्या त्या गियरवर आणता येते, आणि चाक फिरवून हवा भरायचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून थांबवता येतो. एल स्टँडवर चाक बहुधा जमिनीला टेकून राहतं. मग व्हॉल्व्ह खाली आणायचा तर दर वेळी सायकल उचलावी लागते.

व्हॉल्व्हकडे कोण बघतं, असं वाटेल. पण दोन्ही चाकांचे व्हॉल्व्ह सहाच्या काट्यावर असले आणि टायरवरचं नाव त्यांच्या जवळ वाचता आलं, की चित्र आपोआप नीटनेटकं दिसतं. एक व्हॉल्व्ह दहावर आणि दुसरा चारवर असला, तर काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह शेवटी लावा. हँडल धरून चाक जरासं उचला, हातानं फिरवा आणि अलगद टेकवा. सायकल ढकलून तो जुळवायला गेलात, तर मागची सगळी जुळवाजुळव बिघडते.

फोटो नेहमी चेनच्या बाजूनं काढायचा. गियर, क्रँक (पायडल ज्यावर बसतं तो आडा), चेन हे बघण्यासारखं सगळं त्याच बाजूला असतं. त्या बाजूनं पाहताना सायकलचं तोंड उजवीकडे येतं. पुढची चेन मोठ्या चक्रावर ठेवा, मागची लहान किंवा मधल्या चक्रावर. अलीकडचं पायडल आडवं पुढे, म्हणजे तीनच्या काट्यावर, नाहीतर क्रँक सीटच्या नळीच्या रेषेत. क्रँक सरळ खाली लोंबता ठेवला की सायकल अवजड दिसते. बाटली, सीटखालची पिशवी, लाइट, मोबाइलचा होल्डर, हँडलला बांधलेला लिंबू-मिरचीचा दोरा, सगळं काढून ठेवा. लिंबू-मिरची नंतर परत बांधता येते.

आता स्टँडच्या दोषांकडे. हुकांवरची रबरी टोपणं सैल बसवलेली असतात. दहा-बारा वेळा सायकल चढवली-उतरवली की ती निसटतात आणि उघडं लोखंड रंगावर घासतं. घरी आणल्याबरोबर त्यावर जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा आणि शेवटाला इन्सुलेशन टेप लावा. दुसरं, उंची बांधण्याचा प्लॅस्टिकचा मुठीचा स्क्रू हातानं घट्ट बसत नाही. त्याजागी वॉशर घालून साधा बोल्ट आणि नट टाका, पान्यानं आवळा. तिसरा दोष डिस्क ब्रेकवाल्यांसाठी. एल स्टँडचा खालचा हुक डाव्या नळीत जिथे बसायला हवा, नेमका तिथेच बऱ्याच सायकलींचा ब्रेकचा कॅलिपर (पॅड धरणारा भाग) असतो. हुक पुढे सरकवला तर तोल जातो. यू स्टँडला ही अडचण नाही, पण त्याला एक्सलची टोकं बाहेर आलेली लागतात. क्विक रिलीज, म्हणजे पान्याशिवाय चाक सोडवायची सोय, असेल तर त्याचा खटका वर किंवा मागे वळवून ठेवा, म्हणजे भुजा त्यात अडकत नाही. थ्रू एक्सलच्या, म्हणजे फ्रेममधून आरपार घातलेल्या एक्सलच्या, सायकलला यू स्टँडचे साधे हुक पकडत नाहीत.

रोडस्टरचं, म्हणजे दांड्याच्या जुन्या काळ्या सायकलचं, वेगळं. एक्सलच्या दोन्ही टोकांवर मडगार्डच्या काड्या, कॅरियरचे पाय, डबल स्टँडची पट्टी आणि त्यावर नट, अशी गर्दी असते. यू स्टँडच्या भुजेला धरायला जागाच उरत नाही. एल स्टँडचा हुक चेनकव्हर आणि कॅरियरच्या मध्ये कसाबसा जातो, पण वीस किलोच्या आसपासची ही सायकल त्यावर डुलते. तिचा डबल स्टँड लावा, मागचं चाक आपोआप उचललं जातं. फक्त एक बघा: झिजलेल्या स्टँडचा एक पाय आखूड होतो आणि सायकल एका अंगाला कलते. आखूड पायाखाली चपट्या दगडाची किंवा फरशीची कपची सारा आणि समोरून, म्हणजे पुढच्या मडगार्डच्या रेषेत उभं राहून, सायकल ओळंब्यात आहे का ते पाहा. साइड स्टँडवर मात्र फोटो काढू नका. सायकल तिरकी झाली की चाकं गोल न दिसता लंबगोल दिसतात.

स्टँड कोणताही असो, तो फक्त मागची बाजू धरतो. हँडल मोकळंच राहतं आणि फोटो काढायला बसलात की पुढचं चाक वळून बघायला लागतं. ट्यूबची एक पट्टी पुढच्या ब्रेकच्या खटक्याला गुंडाळून ब्रेक दाबलेला ठेवा. मग कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या बाजूनं पुढच्या टायरखाली हरभऱ्याएवढा खडा सारा. चाक जागचं हलत नाही.

खानदेशात हा स्टँड नापास होतो तो काळ्या मातीत. पावसाळ्यात आणि पाणी दिलेल्या शेतात पाय रुततात. एप्रिल-मेमध्ये जमिनीला भेगा पडतात, आणि नेमका एक पाय भेगेत जातो. दुपारनंतर गरम वारा सुटला की उभी सायकल पडते. ती चेनच्या बाजूला पडली, तर मागचा डिरेलर (चेन एका गियरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ज्यावर टांगलेला असतो ती छोटी पट्टी वाकते. मग गियर खडखड करतात आणि कितीही तार जुळवली तरी बसत नाहीत. शेतात स्टँड वापरायचाच असेल, तर फूट बाय फूटचा शहाबादी फरशीचा तुकडा पायांखाली ठेवा आणि वरून माती पसरा.

त्यापेक्षा काठी बरी. निंबाची किंवा बाभळीची, अंगठ्याएवढी जाड, वरच्या टोकाला बेचकं असलेली. पलीकडच्या बाजूनं, म्हणजे चेन नसलेल्या बाजूनं, बेचकं फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीला लावा आणि काठीचं दुसरं टोक जमिनीत थोडं रोवा. सायकल काठीवर केसभर रेलली पाहिजे, त्यापेक्षा जास्त नाही. म्हणजे पडलीच तर डिरेलरच्या उलट बाजूला पडेल. सालीसकट काठी मातीच्या रंगात मिसळून जाते आणि पुढून पाहिल्यावर नळीच्या मागे बरीचशी लपते. स्टँडचा काळा पाइप मात्र मागच्या चाकाच्या तारांमधून सरळ दिसतो. कपाशीची वाळकी पऱ्हाटी वापरू नका, ती कडकन मोडते.

स्टँडवर खर्च केलेले पैसे वसूल होतात की नाही, ते मोबाइल कुठे धरता यावर ठरतं. सायकलची लांबी साधारण पावणेदोन मीटर. मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सनं पूर्ण सायकल बसवायची, तर जेमतेम पावणेदोन मीटरवर उभं राहावं लागतं. एवढ्या जवळून सायकलीचा मधला भाग फुगतो आणि दोन्ही चाकं कडेला ताणली जातात. दुप्पट झूमची लेन्स लावा आणि साडेतीन मीटर मागे या. तिप्पट असेल तर पाच मीटर. सायकल एकदम खरी, डौलदार दिसते. बोटांनी ताणलेला झूम नको, लेन्सचं बटण वापरा. उभं राहून काढू नका. लेन्स जमिनीपासून ५० ते ६० सेंटिमीटरवर, म्हणजे हबच्या वर आणि दांड्याच्या खाली असावी. त्यासाठी पालथ्या बादलीवर बसणं पुरतं. दोन्ही चाकं स्क्रीनवर सारखीच मोठी दिसताहेत का ते बघा. एक मोठं दिसलं तर तुम्ही त्या बाजूला सरकलेले आहात.

उजेडाचं गणित इथे महिन्याप्रमाणे बदलतं. २५ मेच्या आसपास जळगाव-धुळ्याकडे भर दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो. तेव्हा दांडा आणि सीट चकाकतात, आणि खालचा हब, क्रँक, चेन सगळं काळोखात जातं. त्या दिवसांत सूर्य उगवल्यानंतरचा आणि मावळण्याआधीचा पाऊण तास, एवढाच कामाचा. डिसेंबरात उलट. भर दुपारीही सूर्य दक्षिणेला साधारण ४५ अंशांवरच असतो. चेनची बाजू दक्षिणेकडे करा, दुपारचा फोटोसुद्धा छान येतो. सायंकाळी मात्र स्वतःची लांब सावली सायकलवर पडू देऊ नका, जरा बाजूला सरका आणि सायकलही तेवढीच फिरवून घ्या. खालचा भाग अंधारा राहिला, तर थर्माकोलची पांढरी शीट फ्रेमच्या बाहेर जमिनीवर आडवी ठेवा. हब आणि क्रँक लगेच उजळतात. काळी सायकल पाहून मोबाइल स्वतःहून फोटो पांढरट करतो. स्क्रीनवर सायकलवर बोट टेकवा आणि उजेड थोडा खाली ओढा.

स्टँडबरोबर काही ठिकाणी चिमट्याचा पोलरायझर फिल्टर जोडून विकतात. तो रंगाच्या चकाकीसाठी खरोखर उपयोगी आहे. फिल्टर हळूहळू फिरवत स्क्रीनकडे बघा, एका जागी दांड्यावरची पांढरी झाक विरते आणि खालचा रंग गडद दिसतो. पण क्रोमवर त्याचा काही उपयोग नाही. धातूवरून परतणारी चमक या फिल्टरनं जात नाही. क्रोमच्या रिमला आणि हँडलला उपाय एकच: त्यात जे दिसतं ते बदला. म्हणजे पांढरा शर्ट घालून समोर बसू नका. क्रोमच्या गोल हँडलमध्ये तुम्ही, तुमची बादली आणि मागचं सगळं अंगण दिसतं.

पार्श्वभूमीसाठी आपल्याकडची धाब्याच्या घराची मातीनं लिंपलेली भिंत तोड नाही इतकी चांगली. तिला चमक नसते, रंग शांत असतो, आणि लाल, काळी, निळी कुठलीही सायकल तिच्यासमोर उठून दिसते. सायकल भिंतीला चिकटवू नका, दीड-दोन मीटर पुढे घ्या, म्हणजे सावली भिंतीवर न पडता जमिनीवर पडते. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा मोहात पाडतात, पण बागेच्या आत उजेड हिरवा असतो आणि पांढरी सायकल आजारी दिसते. बागेच्या बाहेर, बांधावर, झाडांपासून आठ-दहा मीटर पुढे सायकल उभी करा. कपाशी फुटलेली असताना मागचे पांढरे ठिपके तारांमध्ये शिरतात, तिथे फोटो नको. पावसाळ्यात तोरणमाळला ढग उतरलेले असतात, उजेड चहूकडून सारखा येतो आणि चकाकीची कटकटच राहत नाही. तिथे फिल्टर पिशवीतच ठेवा. जळगावच्या मेहरूण तलावासारख्या पाण्यासमोर काठाची रेषा दांड्याच्या रेषेवर येऊ देऊ नका. कॅमेरा चार बोटं वर-खाली केला की ती सुटते.

धुण्याबद्दल एवढंच: काळी माती वाळल्यावर कोरड्या फडक्यानं पुसू नका, रंगावर बारीक चरे पडतात आणि तिरक्या उन्हात ते सगळे दिसतात. आधी पाणी ओता, माती भिजू द्या, मग पुसा. क्रोमवरचे गंजाचे ठिपके अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलकेच घासले की निघतात. टायरला तेल लावू नका. धूळ बसते, आणि थेंबभर जरी डिस्कवर गेलं तरी ब्रेकचे पॅड खराब होतात.

फोटोतून स्टँड नंतर पुसून टाकू, या भरवशावर राहू नका. स्नॅपसीड या अ‍ॅपमधल्या हीलिंगनं (डाग पुसायच्या सोयीनं) भिंतीवरचा डाग सहज जातो, पण तारांच्या मागचा पाइप पुसताना ताराही तुटतात आणि चाक खोटं वाटतं. सोबत कोणी असेल तर सोपा मार्ग आहे. सगळी जुळवाजुळव स्टँडवर करा, मग स्टँड काढा. सोबतचा माणूस पलीकडून सीट धरून उभा राहील. मोबाइल तिवईवर आणि सलग फोटोंचं बटण दाबलेलं. त्यानं एक-दोन म्हणून हात सोडायचा आणि लगेच धरायचं. त्या क्षणभरात पाच-सहा फोटो येतात, त्यातला एक तरी सरळ सायकलचा असतो. मागे उभा माणूस फ्रेममध्ये येऊ नये म्हणून त्यानं हात लांब करून बाजूला झुकावं. वारा असेल तर हे करू नका.

विकत घेताना फोटो बघून ऑर्डर देण्यापेक्षा सायकल घेऊन दुकानात जा. स्टँड फरशीवर ठेवून रिकामाच हलवा, चारही टोकं टेकली पाहिजेत. मग सायकल चढवा, क्रँक उलटा पूर्ण फिरवा. पायडल किंवा क्रँक स्टँडच्या भुजेला लागला, तर तो तुमच्या सायकलचा नाही, दुसरा बघा. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून सोडा. तेवढ्यानं मागची पकड सुटत असेल तर पैसे देऊ नका.