एप्रिलमध्ये वाढवलेली पॅनेलं, डिसेंबरमध्ये गेलेला इन्व्हर्टर

भुसावळजवळच्या एका घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, 335 वॅटची नऊ सोलर पॅनेलं होती. सगळी एकाच सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेली, 3 किलोवॅटच्या इन्व्हर्टरवर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारं यंत्र). कूलर आणि एसी सुरू झाले की वीजबिल पुन्हा वाढायचं. एप्रिलमध्ये एक फिटर दारी आला. “भाऊ, चार पॅनेलं वाढवून देतो, वॉरंटीला काही होत नाही, लिखापढीची गरज नाही.” त्यानं रोख पैसे घेतले, 540 वॅटची चार पॅनेलं त्याच सिरीजच्या शेवटी जोडली आणि गेला. बिल दिलंच नाही.

सिरीजमध्ये सगळ्या पॅनेलमधून एकच करंट जातो. जुनं पॅनेल पावणेनऊ अँपिअरच्या आसपास देतं, नवं तेराच्या. म्हणजे नव्यालाही पावणेनऊवरच चालावं लागतं. पैसे 540 वॅटचे, हाती साडेतीनशे-पावणेचारशे. त्यात इन्व्हर्टर 3 किलोवॅटचा, म्हणून भर दुपारची वाढीव वीज तशीही वायाच.

खरा घात व्होल्टेजनं केला. जुन्या पॅनेलच्या लेबलवर व्हीओसी, म्हणजे लोड नसतानाचं व्होल्टेज, 46 व्होल्ट, नव्याच्या 49.5. नऊ जुनी म्हणजे 414, चार नवी म्हणजे 198, बेरीज 612. इन्व्हर्टरची डीसी मर्यादा 600. मग एप्रिलमध्ये चाललं कसं? पॅनेल तापलं की व्होल्टेज उतरतं, दर अंशाला साधारण 0.3 टक्के. आपल्याकडच्या उन्हात पॅनेल 65 अंशांवर गेलं की 612 चे 540 च्या आत येतात. लेबलवरचा आकडा 25 अंशांचा असतो. डिसेंबरच्या सकाळी पारा 10 वर असताना हीच बेरीज 640 च्या जवळ जाते. त्यात नऊ वाजता लाइट गेली की इन्व्हर्टर लोड सोडतो आणि सिरीजचं सगळं व्होल्टेज त्याच्या तोंडावर येतं. इथे तेच झालं आणि इन्व्हर्टर गेला. लोक उन्हाळ्याला घाबरतात, पण ही जोडणी थंडीत मारते.

कंपनीच्या माणसानं इन्व्हर्टरमधली नोंद काढली, ‘डीसी ओव्हर व्होल्टेज’ दिसलं, वॉरंटी संपली. मग तो धाब्यावर गेला. शेवटच्या जुन्या पॅनेलची मूळ वायर कापलेली, भलत्याच मेकचा कनेक्टर पकडीनं दाबून बसवलेला, वर काळी टेप. पिनेभोवतीचं प्लॅस्टिक वितळून तपकिरी झालेलं. त्या पॅनेलचीही वॉरंटी गेली.

वाढवायचंच असेल तर आधी पॅनेल आणि इन्व्हर्टर दोन्हींच्या लेबलचे फोटो काढा आणि मूळ बसवणाऱ्याकडून लेखी होकार घ्या. फोनवरचा ‘हो’ वॉरंटीच्या वेळी कोणाला आठवत नाही. वेगळ्या वॅटची पॅनेलं वेगळ्या सिरीजमध्ये, इन्व्हर्टरच्या दुसऱ्या एमपीपीटीवर (प्रत्येक सिरीजमधून जास्तीत जास्त वीज काढणारा वेगळा इनपुट). दुसरा एमपीपीटी नसेल तर वेगळा इन्व्हर्टर. पॅनेलच्या मूळ वायरला कात्री लावू देऊ नका. अंतर वाढलं तर 4 चौरस मिमीची सोलर डीसी केबल, दोन्ही टोकांना पॅनेलवर आहेत त्याच मेकचे कनेक्टर, क्रिंपिंग टूलनंच (कनेक्टर दाबायचं खास हत्यार) दाबलेले. नेट मीटर असेल तर क्षमता वाढवण्याचा अर्ज महावितरणकडे आधी. काम सुरू करताना आधी एसीचा एमसीबी, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची वीज तोडणारा स्विच) बंद करा, त्यानंतरच कनेक्टर काढा. चालू लोडवर कनेक्टर ओढला तर ठिणगी नाही, सलग आर्क पेटतो. पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर प्रत्येक पॅनेलचा सिरियल नंबर लिहून घ्या.

अशी जोडणी धाब्यावर आधीच झालेली असेल तर थंडीची वाट पाहू नका. जाणकाराकडून 1000 व्होल्ट डीसी मोजणाऱ्या मीटरनं सकाळी सिरीज तपासून घ्या. वरच्या हिशेबात एक नवं पॅनेल उतरवलं तरी 10 अंशांवर 588 व्होल्ट उरतात, मर्यादेला जेमतेम बारा कमी. दोन उतरवा.