विश्वस्थिरांक की बदललेलं गुरुत्वाकर्षण?

विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय, हे १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांवरून कळलं. मग एकतर विश्वात काहीतरी जास्तीचं, म्हणजे ‘कृष्ण ऊर्जा’, भरलेलं आहे, नाहीतर आइन्स्टाइनची समीकरणंच मोठ्या अंतरांवर अपुरी पडतात.

पहिल्या पर्यायात आइन्स्टाइनने १९१७ मध्ये समीकरणांत घातलेला विश्वस्थिरांक, म्हणजे रिकाम्या अवकाशाची कधीच न बदलणारी ऊर्जा, पुरतो. एका आकड्यात बहुतेक निरीक्षणं बसतात. पण या ऊर्जेचा पुंजसिद्धांताने केलेला ढोबळ अंदाज त्याहून सुमारे १० च्या १२० व्या घाताइतक्या पटींनी मोठा येतो, आणि हे मला फार छळतं.

दुसऱ्यात वेगळी ऊर्जा लागत नाही. मात्र सूर्यमालेत जुने नियम तंतोतंत चालतात, म्हणून नवा परिणाम तिथे झाकावा लागतो. एफ(आर) या बदललेल्या गुरुत्वाकर्षणाच्या एका सिद्धांतात दाट पदार्थाजवळ तो आपोआप दबतो. ही कल्पना खरंच सुंदर आहे.

खरी परीक्षा झाली १७ ऑगस्ट २०१७ ला. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं ओलांडून अवघ्या १.७ सेकंदांच्या अंतराने पोहोचले. लहरींना प्रकाशापेक्षा वेगळा वेग देणारे कितीतरी सिद्धांत तिथेच मोडीत निघाले. एफ(आर) तगला.

माझा कौल आज स्थिरांकाला. पण २०२४ पासून दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या ‘डेसी’ प्रकल्पाच्या मोजणीत कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलत असल्याच्या खुणा दिसताहेत, त्या टिकल्या तर स्थिरांकच आधी जाईल.